पाठीमागची पाकळी

सरका पुढं, मंडळी, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसा. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. आहे प्रेमाचीच, पण तिच्या पोटात संशय असा ठासून भरलाय की प्रेमाला आत शिरायला फट सापडेना... ऐकाच.

एका इंजिनिअरिंग कॉलेजात रडार आणि अँटेना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मुलं त्यांना ‘रडारबाई’ म्हणायची. तोंड फळ्याकडे असलं तरी मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते त्यांना कळायचं ना!

एका दुपारी बाई कॉलेजच्या गच्चीवर एकट्याच होत्या. पाऊस नुसता भुरभुरत होता. समोरच्या इमारतीवरून येणारी लहर आपला नवा अँटेना किती पकडतो, ते त्या बघत होत्या. मीटरवरचा आकडा कुठं जरा स्थिर होतोय, तोच धाडकन कोसळला. बाईंनी वर पाहिलं. डोक्यावर छत्री, आणि छत्रीला धरून एक उंच माणूस.

“भिजताय तुम्ही,” तो म्हणाला.

“आणि तुम्ही माझं मोजमाप बुडवताय! अँटेनासमोर लोखंडी काड्या धरतं का कुणी?”

“मी तर तुमच्यावर धरली होती...”

“बंद करा आधी!”

छत्री मिटली. तो मात्र हलला नाही. केसांतून पाणी ओघळत होतं आणि स्वारी खुशाल हसत होती. “आता आला आकडा जागेवर?”

आला होता. बाईंनी सांगितलं नाही.

“कोण तुम्ही?”

“अग्निशमन दलाचा अधिकारी. इमारती कोसळल्या की खालून माणसं काढतो. तुमचं ते श्वास ओळखणारं यंत्र तपासायला पाठवलंय मला.”

‘पाठवलंय’ म्हणताच बाईंच्या कपाळावर आठी चढली. त्यालाही कारण होतं. विद्यार्थिदशेत डब्याचा पत्रा कापून त्यांनी पहिला अँटेना केला, तेव्हापासून त्यांना दुसरा ध्यास नव्हता. लग्नाचं बघू-बघू म्हणत राहून गेलं. एकदाच त्यांनी एका सहकाऱ्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, आणि त्या पठ्ठ्यानं त्यांचं संशोधन सरळ आपल्या नावावर छापलं. आज तो मंजुरी देणाऱ्या समितीत बसला होता. बाईंचं नवं यंत्र ढिगाऱ्यापलीकडच्या माणसाची छाती हलते की नाही, ते रडारनं टिपणार होतं. या अधिकाऱ्यानं ‘चालतं’ म्हणून कळवलं तर मंजुरी. नाही म्हणाला, तर प्रयोगशाळेची खोली दुसऱ्या विभागाच्या घशात. मग हा गोडबोल्या त्या सहकाऱ्यानंच धाडला नसेल कशावरून?

तो रोज येऊ लागला. ही तार इकडंच का, हा पत्रा वाकडा का... विचारत सुटायचा. फोन वाजला की बाहेर जाऊन हलक्या आवाजात बोलायचा. आणि यंत्राकडं कमी, बाईंकडंच जास्त बघायचा. बाई वळल्या की नजर झटकन खिडकीबाहेर!

“आज साहेबांचे प्रश्न संपले वाटतं?” बाईंनी एकदा टोमणा मारला.

“संपले असते, पण मग उद्या कशाला येऊ?”

बाईंनी कपाट उघडलं, आकृत्या आत टाकल्या आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. तो बघत राहिला. “माझ्यामुळं?”

“सवय आहे मला.”

“वाईट सवय लावली कुणीतरी,” तो हळूच म्हणाला. हेही बाईंना बनेलपणाचंच वाटलं.

घरी आत्या होती. बाईंना लहानाचं मोठं तिनंच केलेलं. ताट वाढताना म्हणाली, “काय गं, हल्ली तुझ्या जेवणात त्या माणसाशिवाय दुसरं तोंडी लावणं नाही.”

“आत्या, तो हेर आहे!”

“असेल बाई. हेराच्या शर्टाचा रंग रोज कशाला सांगतेस मग?”

बाईंना ठसका लागला.

चाचणीचा दिवस उजाडला. विटांची जाड भिंत रचलेली. पलीकडं तो चटईवर पडला, अलीकडं अँटेनाच्या मागं बाई उभ्या. पडद्यावर एक रेघ उठली. छातीची धडधड! शांत, सावकाश.

“दिसतोय का मी?” भिंतीपलीकडून आवाज आला. “नाही, तुमच्या नजरेत इतके दिवस भरलो नाही म्हणून विचारलं...”

रेघ उसळली. बाईंच्या मनात चमकलं, माणूस खोटं बोलतो तेव्हा छाती अशीच उडते. मग त्यांनी घावच घातला. “खरं सांगा, समितीतल्या त्या गृहस्थांनी माझी आकृती मागितली ना तुमच्याकडं?”

“मागितली,” भिंतीपलीकडून उत्तर आलं.

रेघ अशी थयथयली की पडदा अपुरा पडावा!

“उठा,” बाई म्हणाल्या. “चालते व्हा.”

“मॅडम, पुढचं तर ऐका—”

“रेघेनं सांगितलं सगळं.”

तो गेला. जाताना छत्रीही विसरला नाही, इतका नीट गेला. आणि बाईंना त्याचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी यंत्र आवरायला म्हणून त्या प्रयोगशाळेत गेल्या. सहज बटण दाबलं. भिंतीपलीकडं आज चटईसुद्धा नव्हती. आणि पडद्यावर... रेघ! धकधक, धकधक.

बाईंच्या अंगावर काटा आला. त्या दाराशी गेल्या, रेघ निजली. परत अँटेनामागं आल्या, रेघ जागी झाली.

अहो, काय झालं होतं सांगतो. अँटेना समोर लहर फेकतो तसा थोडी मागंही सांडतो. तिला म्हणतात पाठीमागची पाकळी. बाईंनी दरवर्षी हे फळ्यावर काढून शिकवलं होतं, आणि पाकळी अडवणारा पत्रा स्वतःच्याच यंत्राला बसवायच्या विसरल्या होत्या! काल थयथयत होती ती धडधड त्याची नव्हतीच मुळी. ती बाईंचीच होती.

बाईंच्या मनात आलं, गप्प राहावं, गुपचूप पत्रा ठोकावा, कुणाला कळणार होतं? त्यानं अजून काही कळवलं नव्हतं. पण हे यंत्र असंच ढिगाऱ्यावर गेलं असतं, तर? चालवणाऱ्याचीच धडधड ऐकून माणसं भलतीकडं खणत बसली असती, आणि खरा जिवंत जीव पलीकडं... बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि फोन उचलला.

तो आला, दारातच थांबला. “आत येऊ, की चालता होऊ?”

“यंत्र चुकलंय,” बाई एका दमात म्हणाल्या. “मागं उभ्या असलेल्या माणसाची छाती मोजतं. काल ते... मी उभी होते.”

“म्हणजे ते उसळणं...”

“माझं.”

“मी नजरेत भरण्याचं बोललो तेव्हाचं?”

“तेही.” बाईंचे कान लाल झाले. “कळवा समितीला. यंत्र तयार नाही म्हणून.”

“कळवावंच लागेल. खोली जाईल तुमची.”

“जाऊ दे.”

तो जवळ आला. आज त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. “त्या गृहस्थांनी फोन करकरून आकृती मागितली, हे खरं. मी म्हटलं, हवी तर या आणि स्वतः मागून घ्या, बाई बंबापेक्षा जोरात पाणी पाजतात. आधीच सांगायला हवं होतं. पण वाटलं, माझ्यावर आधीच इतका संशय... आणखी एक नाव काढलं तर दारच बंद व्हायचं.”

बाई हसल्या, आणि हसताहसता डोळे पुसले.

“आणि माझी रेघ? ती कशी होती काल?”

“दिसलीच नाही. माझ्या रेघेखाली दबली.”

“मग परत मोजा की.”

बाईंनी अँटेनामागं पत्रा लावला, चांगला चाचपून. तो भिंतीपलीकडं जाऊन पडला. पडद्यावर एक रेघ उठली आणि उधळलेल्या वासरासारखी पळत सुटली.

“अहो, अजून बिघडलंय वाटतं,” बाई पुटपुटल्या. “इतकी जोरात कुणाची...”

“यंत्र ठीक आहे,” भिंतीपलीकडून आवाज आला. “विचारा काय विचारायचं ते. रोज यायचंय मला, प्रश्न संपले तरी.”

बाई भिंतीला वळसा घालून पलीकडं गेल्या आणि चटईच्या कडेला बसल्या.

ठरल्या दिवशीची चाचणी फसली, हे त्यानं खरंखरं कळवलं, आणि खोली गेली ती गेलीच. पुढं जिन्याखालच्या अडगळीत दोघांनी मिळून यंत्र पुरं केलं, मंजुरीही आली. पण माझं तुमच्याकडं मागणं निराळं आहे. आज निजताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा कुठंतरी ढिगाऱ्याखाली पडलेल्या एका जिवाची आठवण ठेवा. त्याचा श्वास चालू आहे... आणि अजून तो कुणालाच ऐकू गेलेला नाही.