राक्षसाची गुहा राखताना

“तू बोलत राहा, तृप्ती. थांबलीस की मी आंधळा.”

चेतनचा हा आवाज आता जप करतानाही मध्येच ऐकू येतो… देव क्षमा करो.

भेट चुकूनच झाली. लोधीपुऱ्यात रजनीताईंकडे सत्यनारायणाचा प्रसाद द्यायला गेले होते. ओसरीत त्यांचा भाऊ चेतन मोबाइल नाकाशी धरून बसलेला. पावलं ऐकून म्हणाला, “ताई, डावीकडून कोण येतंय? जल्दी सांग ना!”

“मी ताई नाही…”

“मग तर नीट बघून सांगा!”

वाकून पाहिलं. गेममध्ये राक्षसाची गुहा, आणि ती लुटायला निघालेले तलवारवाले वीर. सापळे लावून त्यांना अडवायचं — आपण.

“म्हणजे तुम्ही राक्षसाच्या बाजूनं?”

“तो बिचारा आपल्या घरात बसलाय. चालून कोण आलंय? ते!”

मला हसू आलं. त्याची नजर हळूहळू जातेय, हे नंतर कळलं. मग रोज संध्याकाळी मी बघून सांगायची, तो ऐकून सापळे रचायचा. एकदा गुहेचं दार त्यानं माझ्यावर सोपवलं. वीर सरळ आत शिरले, राक्षस मेला.

“अगं, दार का नाही लावलंस?”

“दिवेलागण झाली होती… लक्ष्मी यायच्या वेळी दार कसं लावू?”

“आली ना लक्ष्मी! तलवार घेऊन!”

हसता हसता त्याचा हात माझ्या हातावर आला… आणि तिथेच राहिला. मीही काढून घेतला नाही.

डोळे दाखवायला तो इंदूरला गेला होता. काल सकाळी तिथून त्याचा फोन आला. तुळशीला पाणी घालेपर्यंत मी मौन पाळते. त्याला कधी सांगितलं नव्हतं. व्रत काय सांगत फिरायचं? फोन मात्र उचलला.

“डॉक्टर म्हणतात, आता उपाय नाही. उरलंय तेही जाईल. तरी राहशील माझ्यासोबत?”

हातात भरलेला तांब्या. ओठ उघडले — पण व्रत आड आलं.

“समजलो,” तो म्हणाला. “बरोबर आहे तुझं.”

पाणी घालून लगेच फोन लावला. बंद. दिवसभर बंदच.

आज दुपारी रजनीताई फोनवर बोलल्या. “घरी आणलंय गं त्याला. जेवत नाही. तुला येऊ देऊ नका म्हणतो.”

“मी येते, ताई.”

“वेडी का तू? नजर नाही परत यायची त्याची.”

“माहीत आहे.”

“मग येऊन काय करशील?”

“बसेन. येते म्हटलं ना.”

फोन ठेवून देवापुढे उभी राहिले. रोज काही ना काही मागते. आज मागण्यासारखं काही सुचेना. वात सारखी केली, आईला “जाऊन येते” म्हटलं, आणि चपला घालून लोधीपुऱ्याच्या रस्त्याला लागले.