पुढच्या सीटचा पट्टा

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे घडलंय.

माझ्या मामीच्या आणि धाकट्या मावशीच्या बाबतीत. दोघींनी मला वेगवेगळ्या दिवशी सांगितलं आणि सांगण्यात तसूभर फरक नव्हता. एरवी या नणंद-भावजयांचं आमटीत मीठ किती, यावरही एकमत होत नाही.

रात्रबित्र नव्हती. वसंतातली सकाळ, अकराचा सुमार. राष्ट्रीय उद्यानातून जाणारा वळणांचा रस्ता.

मामाला जाऊन त्या आठवड्यात वर्ष होत होतं. याच रस्त्यावर तो गेला. मामी गाडी चालवत होती, मामा शेजारी. ध्यानीमनी नसताना गारा आल्या, गाडी घसरली, झाडावर आदळली. मामीच्या खांद्याचं हाड मोडलं, एवढंच.

मामानं पट्टा लावला नव्हता.

"वहिनी, ती जागा मला एकदा दाखव," असं मावशी वर्षभर म्हणत होती. शेवटी मामी त्याच, दुरुस्त करून आणलेल्या गाडीतून तिला घेऊन निघाली.

नाक्यावर रखवालदारानं आत वाकून पाहिलं. "किती जण?"

"दोघी."

"मध्ये थांबायचं नाही. खाली तर अजिबात उतरायचं नाही."

मावशी मागं बसली होती. दादाच्या जागेवर बसायला तिचं मन धजेना. पण तसं कबूल कोण करणार? म्हणाली, "तू ड्रायव्हर, मी मालकीण."

"मालकीणबाई, सीटवरचे पाय खाली घ्या."

ऊन छान पडलं होतं. झाडांना कोवळी, तांबूस पालवी. दहा मिनिटांत वारा सुटला. ऊन गेलं, सर आली. परत ऊन. परत अंधारून आलं.

"हवेचं आज तुमच्यासारखं आहे, वन्सं. घडीत हसू, घडीत फुरंगटणं."

मावशी हसली.

आणि मग…

टिंग… टिंग… टिंग…

समोर लाल दिवा लागला. पुढच्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की लागतो तो.

सीटवर मामीची पर्स होती. मावशीनं हात लांबवून ती मागं घेतली.

आता सीटवर काहीच नव्हतं.

टिंग… टिंग… टिंग…

"बिघडलं असेल," मावशी म्हणाली.

तो आवाज मामीच्या चांगला ओळखीचा होता.

मामा शिंपी. जीव गेला तरी चालेल, शर्टाची इस्त्री मोडता कामा नये. "पट्ट्यानं चुणी पडते," म्हणायचा. त्या टिंगटिंगनं मामीचं अर्धं डोकं उठायचं. रोज वाद. शेवटी मामीनंच बाजारातून एक खोटी कडी आणली. नुसतं पट्ट्याचं टोक. ते खाचेत खुपसलं, की गाडीला वाटतं पट्टा लावला.

आवाज बंद. वाद बंद.

तीन आठवड्यांनी मामा गेला.

माणसं धावत येण्याआधी मामीनं ती कडी उपसली आणि मोडक्या खांद्यानिशी झाडीत भिरकावली. सगळे म्हणाले, हट्टी होता, बायकोचं ऐकलं नाही. मामीनं ऐकून घेतलं. वर्षभर.

ते वळण आलं.

आणि गारा सुरू झाल्या.

समोरचं दिसेना. मामीनं गाडी कडेला घेतली. टिंगटिंग चालूच. तिनं वाकून शेजारचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून खाचेत बसवला.

शांत…

टपावर फक्त गारा.

"झालं की," मावशी म्हणाली.

खट्…

दोघींच्या डोळ्यांसमोर पट्टा सुटला. सावकाश, सुरकुती पडणार नाही अशा बेतानं, जागेवर गेला.

टिंग… टिंग… टिंग…

मावशीनं तोंडावर हात ठेवला. मग तिला रडू फुटलं. "दादा! अरे, आता तरी ऐक तिचं! किती सांगायची रे ती तुला…"

हे मात्र मामीला सोसवेना.

"नाही सांगितलं मी," ती म्हणाली. "शेवटी शेवटी नाही सांगितलं. आवाज बंद व्हावा म्हणून कडी मीच आणली होती, वन्सं. माझं डोकं दुखायचं म्हणून."

मागचं रडणं थांबलं.

मग मागचं दार उघडलं. मावशी गारांत उतरली. मामीला वाटलं, ही आता चालत निघणार, आपलं तोंडही बघणार नाही.

पुढचं दार उघडलं.

मावशी आत वाकली. बसायला, की बोलायला, ते तिलाही सांगता येत नाही. तिनं सीटवर हात टेकला…

आणि झटकन मागं घेतला.

"वहिनी… गरम आहे गं."

बराच वेळ ती तशीच उभी राहिली. दार सताड उघडं. गारा आत येत होत्या.

टिंगटिंग थांबली.

मावशीनं दार लावलं आणि मागं येऊन बसली. दोन वळणांपुढं लख्ख ऊन होतं.

गाडीत तो आवाज परत कधी आला नाही.

मावशी मामीकडे अजून जाते. कडीचा विषय काढत नाही. मागच्या महिन्यात एवढंच म्हणाली, "वहिनी, पट्टा त्यानं आपल्या हातानं काढला. मी बघितलंय. तू लावलास तरी काढला."

मी तिथंच होते. मला वाटलं, मामीला बरं वाटेल. वर्षभराचं ओझं उतरेल.

मामी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

"ते नाही हो, वन्सं," ती म्हणाली. "आपण दार उघडलं आणि ते उतरले. तिथं, त्या गारांत. अंगात नुसता शर्ट होता."