आर्चडीकन साहेबांची तपासणी

गारखेड्यातल्या गच्चीवर जेवणं उरकली होती. लाईट गेलेली. व्यंकटराव सतरंजीवर मांडी घालून बसले आणि नातवंडं त्यांना चिकटली.

"आजोबा, भुताची सांगा. पण खरी," मनस्विनी म्हणाली.

"खोटी मला येत नाही. शांतवन मास्तर माझ्याच शाळेत होते. त्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. हिमांशू, तो मोबाईल उपडा ठेव."

सोयगावच्या रस्त्याला एका गावात दगडी चर्च आहे. शांतवन मास्तर तिथले वॉर्डन, म्हणजे चर्चची देखभाल बघणारे. चर्चला शंभर वर्षं होत होती, म्हणून पुस्तिका निघायची होती, आणि तिच्यातला आर्चडीकनांचा इतिहास मास्तरांच्या वाट्याला आला होता.

"आर्चडीकन म्हणजे?" हिमांशूनं विचारलं.

"बिशपच्या खालोखालचा मोठा पाद्री. वर्षातून एकदा भागातलं प्रत्येक चर्च तपासायचं, हे त्याचं काम. तुमच्या शाळेत साहेब येतो ना, तसंच. फक्त हा रविवारीसुद्धा यायचा."

मास्तरांनी झकास लिहिलं होतं. पहिले गोरे आर्चडीकन घोड्यावरून यायचे. पुढचे छकड्यातून. शेवटचे गोर्डे साहेब एस.टी.नं, फडक्यात चटणी-भाकरी बांधून. साहेबांचे गुडघे गेलेले, पण काठीनं भिंत, बाक, दार, सगळं ठोकून बघायचे. लेखाचं शेवटचं वाक्य असं होतं, ‘गोर्डे साहेब वयोमानामुळं निवृत्त झाले व त्यानंतर हे पद भरलं गेलं नाही.’

ते वाक्य खोटं होतं, आणि खरं काय ते फक्त मास्तरांना माहीत होतं.

तपासणीच्या महिनाभर आधी प्रश्नांचा छापील कागद यायचा. छत गळतं का? घंटेची शिडी मजबूत आहे का? असे चौतीस प्रश्न. वॉर्डननं एकेक गोष्ट स्वतः पाहून उत्तर लिहायचं. मास्तर मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवून उतरवून काढायचे. सगळीकडं ‘ठीक आहे’. साहेबांना शिडी चढवत नव्हती. ते म्हणायचे, "मास्तरांनी लिहिलंय म्हणजे पाहिलंच असणार," आणि खाली सही करायचे.

दोन हजार तेरा साली कडूबाई, म्हणजे चर्चची झाडलोट करणारी बाई, घंटेला तेल द्यायला शिडी चढली. सातवी पायरी आतून पोखरलेली होती. कडूबाईची कंबर मोडली. पुन्हा उभी राहिली नाही.

चौकशी झाली. कागदावर सही कुणाची? "माझी," गोर्डे साहेब म्हणाले. मास्तरांकडं त्यांनी एकदाच पाहिलं. बस. राजीनामा दिला, आणि दोन वर्षांत गेले. मास्तर तेव्हाही गप्प होते, मातीलाही गप्पच उभे राहिले.

तर त्या दिवशी अकरा नोव्हेंबर, दोन हजार बावीस, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी सकाळी लेख छापखान्यात द्यायचा होता. साहेबांचा फोटो तेवढा चर्चमधून आणायचा राहिला होता.

"उद्या घ्या की. साप-किरडू असतं," केसरबाई, म्हणजे मास्तरांची बायको, म्हणाली.

"पहिल्या गाडीनं जायचंय. हा गेलो, हा आलो."

रात्री साडेआठला त्यांनी चर्चचं कुलूप काढलं. बॅटरी लावली. फोटो भिंतीवरून काढला, कडेची जाळी पुसली, काखेत घेतला. निघाले.

ठक.

भिंतीवर. मास्तरांना वाटलं, पाल असेल.

ठक... ठक...

पहिल्या बाकावर. मग दुसऱ्या. ओळीनं. कुणी घाई नसलेला माणूस चालावा, तसं.

"कोण हाय?"

मास्तरांनी बॅटरी फिरवली. बाक रिकामे. आवाज उजेडाच्या एक बाक पुढंच होता.

मग तो घंटेच्या कोपऱ्याकडं वळला. तिथं आता काहीच नव्हतं. शिडी कधीच काढलेली. उघडी भिंत.

ठक. गुडघ्याइतक्या उंचीवर.

ठक. कमरेइतक्या.

ठक. ठक. डोक्याच्या वर... आवाज हवेत चढत होता.

मास्तर मोजत होते. नको असताना मोजत होते. पाच. सहा.

आणि मग... काहीच नाही.

बॅटरी विझली. मास्तर दाराशी उभे. सातवा ठोका येत नव्हता. कुणीतरी वर थांबलं होतं. वाट बघत होतं.

"साहेब..."

...

"साहेब, मी चढून पाहिलं नव्हतं."

...

"एकदाही नाही. नऊ वर्षं झाली. मी सांगायला पाहिजे होतं."

पुढं काय झालं, मास्तरांना आठवत नाही. केसरबाई कंदील घेऊन आली तेव्हा ते उंबऱ्यावर बसलेले होते. फोटो मांडीवर. उजवी मूठ घट्ट मिटलेली.

मास्तरांनी रात्रीत शेवटचं वाक्य खोडलं. जे घडलं ते आपल्या नावानिशी लिहिलं. पण छापखान्याआधी ते कडूबाईकडं गेले. ती लेकीकडं खाटेवर पडून असायची. त्यांनी तिला लेख वाचून दाखवला.

"इतकी वर्षं मी साहेबालाच बोल लावला, मास्तर," ती म्हणाली. "मेल्यावरबी."

मास्तरांनी डाव्याच हातानं लेखाची घडी घातली.

"जाऊ द्या. आणि ते हाताला काय झालंय?"

"कुसळ गेलंय. निघंना."

तिनं लेकीकडून सुई मागितली. मास्तरांचा हात उशीवर ठेवून हळूच टोकरलं. बोटाच्या पेराएवढी लाकडाची ढलपी निघाली. पोखरलेली, नुसतं भोक न् भोक. एका बाजूला हिरवा रंग.

कडूबाईचा हात थांबला.

"ह्यो रंग मीच दिला होता शिडीला," ती म्हणाली. "पण ती शिडी तर त्याच साली लेकीनं चुलीत घातली."

मग तिनं ढलपी नाकाशी धरली. ओल्या रंगाचा वास येत होता.