उजव्या जबड्याचा फोटो

"मी सासूबाईंवर हात उचललेला नाही," खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली. "पण उद्या सकाळी त्यांना माझ्यापासून काढून वृद्धाश्रमात नेणार आहेत. आणि मला पोलिसांत."

वहिनींनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांना सगळे वहिनीच म्हणतात, कारण त्यांचा मदतनीस हा त्यांचा सख्खा दीर, आणि हा गृहस्थ चारचौघांतही दुसरी हाक मारत नाही. भाऊजी गाडी चालवतात, ओझी उचलतात आणि चुकीचे निष्कर्ष काढतात, तिन्ही मनापासून.

हकिकत अशी होती. नवरा गेल्यापासून घरात सासू-सून दोघीच. सासूबाईंच्या उजव्या जबड्याचं हाड आतून मरत चाललेलं. दातांच्या इस्पितळात अशा हाडांसाठी एका नव्या लेपाचा अभ्यास चालू होता, त्यात त्यांना घेतलं. तीन महिन्यांपूर्वीच्या एक्स-रेत हाड छान भरलेलं दिसलं. आणि मागच्या आठवड्यात जेवता जेवता तोच जबडा मोडला.

"मी त्याच संध्याकाळी त्यांना घेऊन गेले. मोठे डॉक्टर नुसते फोटो बघून म्हणाले, भरलेलं हाड घास चावून मोडत नाही, ठोसाच लागतो. शिवाय मोडलंय तिथे सडलंय, म्हणजे मी मारून कितीतरी दिवस लपवलं. त्यांनीच तक्रार केलीय."

"सासूबाई काय म्हणतात?"

"जबडा तारेनं बांधलाय. मानेनं नाही, नाही म्हणतात. तर म्हणे, सुनेला घाबरतात."

वॉर्डात दुपारीही दिवे लावलेले होते आणि तरी उजेड नव्हता. म्हातारीचा उजवा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता. वहिनी डावीकडून बोलल्या, तर ती नुसती बघत राहिली. सून उजवीकडे वाकून कानातल्या ऐकण्याच्या यंत्राशी बोलली, तेव्हा कुठे म्हातारीने तिचा हात धरला. वहिनींना फार वाईट वाटलं.

"घाबरणारी बाई असा हात धरते होय!" भाऊजी कुजबुजले. या वेळी त्यांचा निष्कर्ष बरोबर होता, पण पुरावा म्हणून कुचकामी.

एक्स-रेवाला तिरसट होता. "माझ्या फोटोत खोट नाही. कानातलं, गळ्यातलं, सगळं काढायला लावतो, कोणाचंही राहू देत नाही. या आजींचं यंत्र तेवढं दर वेळी ठेवतो. काढलं तर 'हलू नका' म्हटलेलं ऐकू येत नाही त्यांना. मग त्याचं भूत, म्हणजे पुसट सावली, पलीकडच्या बाजूला उमटतं, त्याला इलाज नाही."

"तीन महिन्यांपूर्वीचा फोटो कुठे आहे?" वहिनींनी विचारलं.

"पूर्णच्या पूर्ण मोजणीच्या खोलीत दिला. परत आला नाही."

मोजणीच्या खोलीत एक तरुणी पडद्यावर हाडांचा पांढरेपणा मोजत होती. ती डॉक्टर नव्हती, गणित शिकलेली होती. टेबलावर गाळलेल्या सुपाची बाटली होती.

"डाएट करते वाटतं," भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले.

"मला अर्धाच फोटो मिळाला," तरुणी म्हणाली. "कधी एक्स-रेवाले कापून देतात, कधी मी कापते."

तिने दोन अर्धे फोटो लावले. दोन्हींवर 'उजवा' लिहिलेलं. पहिल्यात, लेपाआधीच्या, हाड पोखरलेलं आणि कानाजवळ घेवड्याच्या दाण्याएवढी ठसठशीत पांढरी खूण. दुसऱ्यात, तीन महिन्यांपूर्वीच्या, हाड भरलेलं. ती खूण नाही, पण बरंच वर एक धुरकट पट्टा.

"हा पट्टा कसला?"

"मशीनच्या काचेवर काहीतरी लागलं असेल."

मोठ्या डॉक्टरांना तो पट्टा दाखवला, तेव्हा ते जरा हसले. "ही पडछाया. ज्या कानात धातू असतो त्या बाजूला ती वस्तू ठळक दिसते, आणि विरुद्ध बाजूला वर, अशी पुसट. डाव्या कानात काहीतरी राहिलं असणार."

"तुम्ही आजींना पाहिलंत?"

"मी पेशंटना भेटत नाही. नियमच आहे तो. निकाल देणाऱ्याला फोटो कोणाचा ते कळता कामा नये. म्हणून नाव काढून, दुखरी बाजूच कापून माझ्याकडे येते. आणखी एकाचं हाड खालावलं असतं, तर अभ्यास तिथेच थांबला असता. पण हे तर सुधारलं!"

संध्याकाळी त्यांच्याच खोलीत वहिनींनी सगळ्यांना बोलावलं.

"डॉक्टर, अभ्यासातल्या एकाच पेशंटच्या कानात धातू राहतो. आजींचं ऐकण्याचं यंत्र, आणि ते उजव्या कानात असतं. मग पडछाया कुठे पडेल?"

"डावीकडे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे हा फोटो आजींचाच, पण त्यांच्या धडधाकट डाव्या जबड्याचा. आरशात दिसावा तसा उलटवला आणि वर 'उजवा' लिहिलं. उजवा जबडा कधी भरलाच नव्हता. तो कुजतच गेला आणि घासाने मोडला. ठोसा नाही, लपवाछपवी नाही."

"मग एक्स-रेवाल्यानेच केलं!" भाऊजींनी जाहीर केलं.

"त्याला ते भूत ठाऊक आहे, भाऊजी. त्याने आधी तेच पुसलं असतं. डॉक्टरांनाही ठाऊक आहे. त्याला काचेवरचा डाग समजणारी व्यक्ती एकच." वहिनी तरुणीकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "ते गाळलेलं सूप कोणासाठी असतं? कोणाला चावता येत नाही?"

"बाबांसाठी," तरुणी म्हणाली. " त्यांचंही हाड असंच आहे. पुढच्या महिन्यात त्यांना लेप मिळणार होता. अभ्यास थांबला असता तर... मला वाटलं, या एका बाईला गुण आला नाही, तरी बाकीच्यांना येईल."

"आणि त्या बाईचं काय?" सून ओरडली. तरुणीने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

डॉक्टरांनी वृद्धाश्रमाला फोन करून उद्याची गाडी रद्द केली, तक्रार मागे घेतो म्हणाले, सुनेची माफी मागितली. तिने ती ऐकली की नाही, कळलं नाही.

"मग मी त्यांना घरी कधी नेऊ?"

"तीन महिन्यांपूर्वी थोडं खरवडून भागलं असतं," डॉक्टर अडखळले. "आता उजवा जबडा काढावा लागेल."

भाऊजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"त्यांना मी सांगतो," शेवटी डॉक्टर उठले.

"त्या तुम्हाला ओळखतसुद्धा नाहीत," सून म्हणाली. "मीच सांगते."

तिने पदराने चेहरा कोरडा केला आणि ती वॉर्डात गेली.