लास क्रूसेसची गादी

दीपा सेव्हिलला शिकायला निघाली, त्याच्या आधीच्या शनिवारची रात्र. अमेरिकेतल्या चँडलर गावी, घरामागे सगळे बसले होते. तिच्या धाकट्या भावानं, अमितनं दिवा लावला, तर श्रीरामकाका म्हणाले, "राहू दे, किडे येतात." मग दीपाकडे वळून म्हणाले, "तू परक्या गावात खोली घेणार, म्हणून सांगतो. पंडित गजभिये माझ्याबरोबर कामाला होता, नागपूरचा. त्याच्यावर गुदरलंय हे. उगाच बोलणारा माणूस नव्हे तो."

चौऱ्याऐंशी साली पंडित एम.एस. करायला न्यू मेक्सिकोत आला, लास क्रूसेसला. देश अमेरिका, पण कानावर पडायची ती स्पॅनिश. त्याला वाटायचं, आपण चुकीच्या देशात उतरलो. पहिल्या आठवड्यात कोणी धड बोललं नाही. घरमालकानं किल्ली हातात दिली नाही, पायरीवर टाकली. रस्त्यानं चालला की ट्रकमधली पोरं काहीतरी ओरडून जायची. काय ते कळत नव्हतं, हेच बरं. खोलीत सोबतीला होता पुण्याचा अतुल. खाट नाही, गादी नाही. दोघं खाली चादर टाकून झोपायचे.

सव्वीस ऑगस्ट, रविवार. अंधार पडल्यावर दोघं गादी शोधायला निघाले. नको असलेलं सामान लोक रस्त्याच्या कडेला ठेवतात, ज्याला हवं त्यानं न्यावं. माझा पहिला सोफा तसाच आला. त्या रात्री अमावास्या होती, पण इथं अमावास्या कोण बघतं?

दोन गल्ल्या सोडून एका बुटक्या मातीच्या घरापुढे गादी उभी होती. एकट्या माणसाची, निळ्या पट्ट्यांची, कोरी वाटावी अशी.

"यार, उचल पटकन," अतुल म्हणाला.

पंडितला विचारल्याशिवाय न्यावंसं वाटेना. त्यानं दार वाजवलं. आत उजेड होता. कोणीतरी दारापर्यंत आलं. पावलं थांबली. दार उघडलं नाही.

दोघांनी गादी डोक्यावर घेतली. वाटेत अतुल म्हणाला, "जड होत चाललीय का रे?" पंडितलाही तसंच वाटत होतं.

"आज तू झोप, उद्या मी," असं ठरलं. अतुल गादीवर आडवा झाला, पंडित शेजारी जमिनीवर.

मध्यरात्र उलटून गेल्यावर पंडितला जाग आली. अतुल बोलत होता. झोपेत माणसं बोलतात, पण हा आवाज अतुलचा नव्हता. घोगरा. म्हाताऱ्याचा.

"एस्ते नो..."

मग बराच वेळ काही नाही.

"एल ओत्रो."

श्रीरामकाका थांबले. दीपाचा चेहरा अंधारात दिसत नव्हता.

"म्हणजे काय, ताई?" अमितनं विचारलं.

"हा नको," स्पॅनिश शिकलेली दीपा हळूच म्हणाली. "दुसरा."

काकांनी मान हलवली. पंडितला तेव्हा अर्थ कळला नव्हता. कळायची गरजही नव्हती. अतुल उठून बसला होता. डोळे उघडे. हात वर आला... बोट पंडितकडे.

गादीची दुसरी कड दबली. तिथं कोणी नव्हतं. मग ती वर आली. कोणी उठल्यासारखी.

लाकडी जमीन करकरली. एकदा. मग जवळ... आणखी जवळ.

पंडितला एकट्याला पळता आलं असतं. दार त्याच्याच बाजूला होतं. पण तो उलटा गेला. अतुलचं मनगट धरलं. बर्फ. जोर लावला. अतुल हलेना. मागून कोणीतरी धरून ठेवलं होतं. पंडितनं दोन्ही हातांनी ओढला... सुटला. दोघं अनवाणी रस्त्यावर.

पेट्रोल पंपाच्या उजेडात अतुल भानावर आला. म्हणाला, "इथं का बसलोय आपण?" त्याला काही आठवत नव्हतं.

दिवस वर आल्यावर दोघं त्या मातीच्या घरी गेले. एका बाईनं दार उघडलं, तेही अर्धंच. पंडित म्हणाला, "काल तुमच्या दारापुढची गादी आम्ही नेली."

"कसली गादी?"

"निळ्या पट्ट्यांची."

बाई त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेली. काळ्या राखेत जळक्या स्प्रिंगा पडल्या होत्या. त्यांतून गवत वर आलं होतं. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माझे सासरे त्या गादीवर गेले. मार्चमध्ये. आम्ही जाळून टाकली."

"पण काल रात्री आम्ही दार वाजवलं, तेव्हा..."

"ऐकलं ना," ती म्हणाली. "रोज रात्री वाजतं. म्हणून उघडत नाही."

मग तिनं पंडितकडे नीट निरखून पाहिलं. लगबगीनं आत गेली. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

दोघं सामान काढायला खोलीवर गेले. त्यानंतर तिथं एक रात्रही राहिले नाहीत. दार उघडंच होतं, रात्री टाकून पळाले होते तसं. अतुलच्या बॅगा होत्या. पुस्तकं होती. गादी नव्हती.

गादीच्या जागी पंडितची चादर अंथरलेली होती. रात्री चुरगळून पडलेली ती चादर. आता एक सुरकुती नाही. वरचा एक कोपरा दुमडून ठेवलेला. झोपायला ये म्हणावं, तसा.

पंडित वाकला. हात लावला.

आतून ऊब येत होती.