पो-येन काही भाऊ होत नाही

पो-येन निघाला होता दातांच्या डॉक्टरकडे, आणि पोहोचला चर्चमध्ये.

कीलुंग बंदरामागच्या त्या इमारतीत दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आणि चर्च दुसऱ्या. रविवारची सकाळ, बाहेर पाऊस – तो तर तिथे कायमचाच – आणि गाल धरून, डोळ्यांत पाणी आणून जिना चढणारा एक उंच तरुण. दारात स्वागताला युन-फांग उभी होती. तिला वाटलं, बिचारा केवढं दुःख घेऊन आलाय! तिने काही न विचारता त्याचा ओला कोपर धरला, पहिल्या रांगेत नेऊन बसवलं आणि हातात रुमाल दिला. तोंड उघडलं की कळ मस्तकात जायची, त्यामुळे त्यालाही काही सांगता येईना. गाणी चालली होती आणि तो टिपं गाळत ऐकत होता.

"देवाने फारच स्पर्श केलाय याला," मागचं कुणी तरी हळूच म्हणालं.

"दाढ…" शेवटी तो कसाबसा पुटपुटला. "दा–ढ."

युन-फांग आधी कानापर्यंत लाल झाली, मग जी हसत सुटली… तरी सगळ्यांनी मिळून त्याच्या दाढेसाठी प्रार्थना केलीच, आणि उपासनेनंतर तिने त्याला मऊ पेज वाढली.

पुढच्या रविवारी तो दाढ काढून, आभार मानायला आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. आता आभार कसले उरले होते, ते त्याचं त्यालाच ठाऊक!

"तुमचं चर्च कुठल्या पंथाचं?" खुर्च्यांच्या घड्या घालता घालता त्याने विचारलं.

"कुठल्याच नाही. बायबल आहे, प्रार्थना आहे, आणि जेवणाचं मोठं पातेलं आहे. पाद्रीसुद्धा नाही. सगळे भाऊ, सगळ्या ताया."

"म्हणजे मी तुला… ताई म्हणायचं?"

"इथे सगळेच म्हणतात."

"लो भाऊंना भाऊ म्हणेन. पातेल्यावरच्या आ-मेई ताईंना ताई म्हणेन. तुला – नाही."

"का बरं?"

"जीभ वळत नाही."

युन-फांगचं बोट खुर्चीत चेमटलं. दुखलं खरं, पण ती हसत होती.

आ-मेई ताईंच्या नजरेतून काही सुटायचं नाही. "मला उठताबसता ताई-ताई करतो," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्यापाशी आला की नुसतं 'अगं'! काय गं प्रकार?"

"त्यालाच विचारा ना!"

"विचारायचं काय त्यात? दिसतंय की."

दिसत युन-फांगलाही होतं, आणि आवडतही होतं. भीती वेगळीच होती. तिच्या वडिलांनी लग्नासाठी म्हणून बाप्तिस्मा घेतला होता. लग्न लागलं, आणि पुन्हा त्यांनी चर्चची पायरी चढली नाही. माणूस वाईट नव्हता. पण आई आयुष्यभर एकटी यायची, एकटी गायची आणि एकटी घरी जायची. युन-फांगने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की माझ्यासाठी विश्वास ठेवणारा नको, स्वतःसाठी ठेवणारा हवा. हे पो-येनला मात्र तिने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो तसंच वागून दाखवणार, मग खरं-खोटं कळायचं कसं?

वसंत आला तसं लो भाऊंनी त्याला बाप्तिस्म्याबद्दल विचारलं. ते चर्चमधले सर्वांत वडील, तरुणपणी बंदरात बोटी चालवलेले. पो-येनने युन-फांगकडे एकदा पाहिलं, आणि चटकन म्हणाला, "घेतो की!"

तिला बाबांचा बाप्तिस्मा आठवला.

ठरल्या दिवशी, समुद्रात बुडवून बाप्तिस्मा द्यायला, सगळे किनाऱ्यावर जमले. वारा बोचरा होता. लो भाऊ कमरेइतक्या पाण्यात उभे, समोर पो-येन. किनाऱ्यावर टॉवेल छातीशी धरून युन-फांग.

"पो-येन, प्रभू येशूवर तुझा मनापासून विश्वास आहे?"

एक लाट आली, गेली.

"भाऊ…" तो म्हणाला, आणि वाऱ्याने ते सगळ्यांपर्यंत पोहोचवलं. "थोडा आहे. वाढतोय, असं वाटतं. पण आज मी पाण्यात उतरलोय तो युन-फांगसाठी. देवासमोर उभं राहून खोटं कसं बोलू? मला… बाहेर जाऊ द्या."

लो भाऊंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "जा बाबा. समुद्र काही पळून जात नाही."

तो कुडकुडत बाहेर आला आणि कुणाकडेही न पाहता बूट शोधू लागला. युन-फांग धावत त्याच्याकडे गेली.

"कुठे निघालास?"

"घरी. सगळ्यांचा दिवस घालवला. तुझाही."

"वेडा आहेस तू."

"माहीत आहे."

"माझ्या बाबांनी अगदी असंच पाण्यात उभं राहून 'हो' म्हटलं होतं. आईसाठी. एका दमात!" तिने टॉवेल त्याच्या खांद्यांभोवती गुंडाळला. "मला तू आवडतोस, पो-येन. आधीही आवडायचास, पण भीती वाटायची. आज पहिल्यांदा वाटत नाहीये."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "आणि माझा विश्वास कधी बसलाच नाही तर?"

तिने टॉवेलचं टोक त्याच्या गळ्याशी खोचलं. उत्तर सोपं नव्हतं.

"तर मी खूप रडेन. पण तू मला फसवलं नाहीस, एवढं तरी माझ्यापाशी असेल. मी थांबते. तू तुझ्या पायांनी ये."

"आणि आलो, की मग मी भाऊ होणार… तू ताई–"

"म्हणून तर बघ!"

"अहो, तुमचं झालं असेल तर जेवायला या!" आ-मेई ताई ओरडल्या. "माशाच्या गोळ्यांचं सूप गार होतंय. युन-फांग, आभाराची प्रार्थना आज तूच कर."

सगळ्यांनी वाळूवर कडं केलं, माना खाली घातल्या. युन-फांगने डोळे मिटले.

"देवा… धन्यवाद…"

आईचं एकटीने गाणं आठवलं, आणि आत्ताच पाण्यातून परत आलेली ती ओली पावलं. पुढचा शब्द काही केल्या फुटेना. सगळे तसेच थांबले होते.

आणि तिच्या शेजारून, वाजणाऱ्या दातांमधून, अगदी हळू आवाज आला – "आमेन."

इतक्या महिन्यांत तो शब्द पो-येनच्या तोंडून कुणीही ऐकला नव्हता. सगळे म्हणायचे तेव्हा तो ओठ मिटून उभा राहायचा. युन-फांगला ते ठाऊक होतं. आज कुणी मागितलाही नव्हता.

तिने डोळे उघडले नाहीत. टॉवेलखालचा त्याचा गारठलेला हात चाचपून शोधला, आणि घट्ट धरला.