सोडलेलं स्टिअरिंग

हात सोडल्यावर स्टिअरिंग परत का आलं नाही? यशदाला हे कोडं कालपासून सुटत नव्हतं.

सांगलीला मामाच्या मळ्यातली विजेची गाडी ती झोकात चालवायची. वळण आलं की एक तळवा दाबून स्टिअरिंग गर्रकन फिरवायचं आणि वळण संपत आलं की हात सोडून द्यायचा. स्टिअरिंग आपलं आपण सरळ व्हायचं. बघणारी पोरं तोंडात बोटं घालायची आणि यशदाबाई हवेत तरंगायच्या.

सुट्टीत आत्याकडे चंद्रावरच्या वसाहतीत आल्यावर तिला तिथली माल वाहणारी छोटी गाडी चालवायला मिळाली, तेव्हाही हीच ऐट करायचा मोह तिला आवरला नाही. रोपघराच्या बोगद्यात तिनं वळणावर हात सोडला आणि गाडी वळतच राहिली. भिंतीवर धडकली. टोमॅटोच्या रोपांचा पार चिखल झाला.

पण खरी वाईट गोष्ट त्यानंतर घडली. जमलेल्या माणसांपुढे ती म्हणाली, "माझी काही चूक नाही. हसनचाचांनी स्टिअरिंगच नीट बसवलेलं नाही!"

हसनचाचा मुजावर म्हणजे गाड्यांची देखभाल करणारे मिरजेचे वयस्कर गृहस्थ. हयगय झाली असेल तर चाचांना पुढच्या यानानं पृथ्वीवर परत पाठवू, असं वसाहतीच्या प्रमुखांनी जाहीर केलं. तेव्हापासून चाचा ते स्टिअरिंग पुन्हा पुन्हा खोलून दोष शोधत होते. तो काही सापडत नव्हता.

"वळणावर तू नक्की काय केलंस?" वृंदाआत्यानं विचारलं. ती पदार्थविज्ञानाची शास्त्रज्ञ होती. रागावण्याआधी प्रश्न विचारायची तिला सवय होती.

"नेहमीसारखा हात सोडला. सांगलीत स्टिअरिंग परत येतं ना!"

आत्यानं पाण्याचा भरलेला कॅन तिच्या हातात दिला. यशदानं तो एका हातानं सहज उचलला. चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांशच, त्यामुळे कॅन हलका लागत होता.

"आता तो जोरात झुलव आणि झटकन थांबव बघू."

यशदानं कॅन झुलवला, पण थांबवताना तो तिलाच ओढून घेऊन गेला. ती धडपडली.

"वजन कमी झालं, पण वस्तुमान (वस्तूत किती द्रव्य आहे त्याचं माप) आहे तेवढंच राहिलं," आत्या म्हणाली. "म्हणून जडत्वही (आहे त्याच गतीत, सरळ जात राहायची प्रवृत्ती) तेवढंच. तुझ्या गाडीला वळणावर सरळच जायचं असतं. तिला वळवतं कोण?"

"चाकं?"

"चाकं आणि जमीन यांच्यातलं घर्षण (दोन पृष्ठभागांनी एकमेकांना धरून ठेवण्याचं बल). ते गाडी जमिनीवर किती दाबते त्यावर ठरतं. इथे दाब कमी, म्हणून पकडही कमी. त्यामुळे वळणाआधीच वेग उतरवायचा."

"पण स्टिअरिंगचं काय?"

"मॉलमधली सामानाची ढकलगाडी आठव. तिची छोटी चाकं आपण नेऊ त्या दिशेला मागून वळतात ना? आपल्या गाडीची पुढची चाकंही थोडीफार तशीच बसवलेली असतात. गाडी पुढे गेली की जमिनीची पकड त्यांना मागे ओढून सरळ करते आणि त्यांच्याबरोबर स्टिअरिंगही फिरतं. ती पकडच इथे..."

"कमी," यशदा पुटपुटली. तिचे कान गरम झाले. म्हणजे स्टिअरिंग परत आलं नाही ते बिघाडामुळे नव्हे. तिनं हात सोडला म्हणून.

"सांगलीतसुद्धा सोडायचा नसतो गं," आत्या म्हणाली. "ओल्या मातीत तिथेही पकड सुटते. दोन्ही हात स्टिअरिंगच्या दोन बाजूंना ठेवायचे. एकानं वर ढकलायचं, दुसऱ्यानं खाली ओढायचं, आणि वळण झालं की हातांनीच सरळ करायचं."

यशदाचं तिकडे अर्धंच लक्ष होतं. माझी काही चूक नाही, हे आपलं ठसक्यातलं वाक्य तिला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. तिला आपलीच किळस आली. कुणाला तोंड दाखवू नये असं वाटलं.

"आत्या, तू सांगशील का चाचांना?"

"नाही," आत्या म्हणाली.

जेवणघरात सगळे जमले होते. चाचा कोपऱ्यात एकटेच बसले होते. यशदा मधोमध जाऊन उभी राहिली.

"गाडी बिघडलेली नव्हती," ती म्हणाली. "मी शायनिंग मारायला हात सोडला होता. चाचांची काहीच चूक नाही. मी त्यांच्यावर खोटं ढकललं." आणि तिला रडू फुटलं.

प्रमुख उठून चाचांपाशी गेले, त्यांनी माफी मागितली. चाचा मात्र यशदाकडेच बघत होते.

"पोरी, चूक तर सगळ्यांकडून होते," ते म्हणाले. "पण मी सगळे नट खोललेत, ते कोण बसवणार?"

दुपारभर तिनं त्यांच्या हाताखाली नट पिळले. मग चाचा नवी रोपं मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसले. तिला वाटलं होतं ते आता कधीच तिच्या गाडीत बसणार नाहीत.

वळणाआधी तिनं वेग उतरवला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवलं आणि वळण संपल्यावर हातांनीच सरळ केलं. एकही रोप हललं नाही.

"चाचा, मंगळावर पकड किती असेल?"

"इथल्यापेक्षा जास्त, पृथ्वीपेक्षा कमी," चाचा म्हणाले. "तिथे जाशील तेव्हा मला सांग. मी गाडी तपासून देतो."